गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये आपल्या कंपनीचा लोगो कसा आणायचा?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरींचं युनिट आहे. बराचसा माल हॉटेलांना जातो, थोडा परदेशी, आणि आता वेबसाइटवरून किरकोळ विक्रीही सुरू झाली आहे. कोटेशन, प्रोफॉर्मा, बिलं सगळं ईमेलवर चालतं.

बँकेचा किंवा मोठ्या शॉपिंग कंपनीचा मेल आला की जीमेलमध्ये डावीकडच्या गोलात त्यांचा लोगो दिसतो, काहींच्या नावापुढे निळी खूणही असते. आमच्या मेलला मात्र जांभळ्या गोलात नुसतं एक अक्षर. हॉटेलच्या परचेस मॅनेजरकडे कोटेशनांचा ढीग पडलेला असतो, त्यात आपला मागावरच्या धोट्याचा लोगो चटकन नजरेत भरावा असं फार वाटतं.

चौकशी केली तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. वेबसाइटवाला म्हणतो, ‘बिमी’ करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. दुसरा म्हणतो, ट्रेडमार्क हातात आल्याशिवाय काही होत नाही. तिसरा म्हणतो, हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्यासारख्यांनी नादाला लागू नये.

आमचं स्वतःचं डोमेन आहे, मेल गुगल वर्कस्पेसवर आहेत. बिलं बिलिंग सॉफ्टवेअरमधून जातात, दिवाळीच्या ऑफर एका न्यूजलेटर सेवेतून. ट्रेडमार्कचा अर्ज केलाय, सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. खर्च किती, आधी काय आणि नंतर काय, आणि ट्रेडमार्कशिवाय काही जमतं का, जाणकारांनी सांगावं.

नवीपेठकर
जीमेलच्या खात्याला प्रोफाइल फोटो म्हणून लोगो लावा की ओ. दिसतो. रुपया लागत नाही.

टपालवाला
नवीपेठकरांचं बरोबर आहे, आणि ते आजच करून टाका. पण त्याला मर्यादा आहेत. तो फोटो त्या एका खात्याचा असतो आणि तो दिसतो जीमेल वापरणाऱ्यांनाच. शिवाय तुमची बिलं आणि ऑफर त्या खात्यातून जातच नाहीत, दुसऱ्याच सर्व्हरवरून जातात, त्यामुळे तिथे भरवसा नाही. विक्री विभागात चौघं असतील तर चौघांच्या खात्यांना तोच फोटो लावावा लागेल.

बँकांच्या मेलवर दिसतो तो प्रकार वेगळा. त्याला बिमी म्हणतात. तिथे लोगो खात्याला नव्हे, डोमेनला जोडलेला असतो. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, एक टीएक्सटी रेकॉर्ड (साध्या मजकुराची नोंद) टाकायचं, त्यात लोगोच्या फाइलचा पत्ता आणि तो लोगो तुमचाच असल्याच्या प्रमाणपत्राचा पत्ता. मेल आला की समोरची मेलसेवा आधी तपासते, हा खरंच या डोमेनवरून आला आहे का, आणि पटलं तरच लोगो दाखवते. दाखवायचा की नाही हे शेवटी तीच ठरवते. सगळं बिनचूक केलं तरी अमुक ठिकाणी दिसेलच अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. ‘हमखास’ म्हणणारा भेटला तर पैसे देण्याआधी थांबा.

आता पाया. त्यात तीन गोष्टी आहेत. एसपीएफ : आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. डीकिम : प्रत्येक मेलवर डोमेनची डिजिटल सही. आणि डीमार्क : पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दिसणारं डोमेन या दोन्हींपैकी एकाशी तरी जुळतंय का हे बघायचं, आणि जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हे जगाला सांगायचं. डीमार्कच्या पायऱ्या तीन : ‘नन’, म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा, ‘क्वारंटाइन’, म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’, म्हणजे आत घेऊच नका. बिमीला ‘नन’ चालत नाही. नन म्हणजे वॉचमन बसवलाय पण गेट सताड उघडं. किमान क्वारंटाइन लागतं, तेही १०० टक्के मेलना लागू असलेलं.

तुम्ही वर्कस्पेसवर आहात म्हणून एक खास गोष्ट बघा. ॲडमिनमध्ये जाऊन डीकिमची स्वतःची किल्ली तयार केली नसेल, तर गुगल तुमच्या मेलवर आपल्याच एका डोमेनची सही करतं. सही असते, पण तुमच्या नावाची नसते, आणि डीमार्कला ती चालत नाही. किल्ली तयार करून डीएनएसमध्ये टाकल्यावर परत ॲडमिनमध्ये येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’चं बटण दाबायचं असतं. तेवढं बटण राहून गेलेल्या कंपन्या मी भरपूर पाहिल्यात.

कडक_भाकरी
माझं स्पष्ट मत : लोगो बघून कुणी टॉवेल घेत नाही. हॉटेलवाला जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) विचारतो, वीस धुण्यांनंतर पीळ सुटतो का ते बघतो आणि उधारी किती दिवसांची ते विचारतो. या प्रमाणपत्राला वर्षाला जो पैसा जाईल त्यात सॅम्पलची चांगली पेटी करून दहा हॉटेलांना पाठवा. जास्त ऑर्डरी येतील.

टॉवेलवाला
टपालवाले, मनापासून आभार. ते बटण आजच तपासतो.
कडक_भाकरी, सॅम्पल जातातच हो. पण सॅम्पलनंतरचा सगळा व्यवहार मेलवरच होतो, आणि आमचे मेल कधीकधी स्पॅममध्ये सापडतात ही माझी खरी काळजी आहे.

अनघा_जुळेसोलापूर
कडक_भाकरी, तुमचा मुद्दा विक्रीपुरता पटतो. पण हा विषय विक्रीपेक्षा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका निर्यातदाराकडे डॉक्युमेंटेशन बघते. आखाती देशातल्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला आमच्याच पत्त्यावरून मेल गेला : ‘आमचं बँक खातं बदललं आहे, या शिपमेंटचे पैसे नव्या खात्यात पाठवा.’ खाली आमच्या साहेबांचं नाव, आमचाच लेटरहेड, इन्व्हॉइस नंबरसुद्धा बरोबर. पत्ताही हुबेहूब आमचा, एका अक्षराचा फरक नाही. गिऱ्हाईक जुनं म्हणून त्याने फोन करून विचारलं आणि पैसे वाचले. नवं गिऱ्हाईक असतं तर कंटेनर जेएनपीटीला आणि पैसे भलत्याच खात्यात.

नंतर बघितलं तर आमच्या डोमेनला डीमार्क नव्हतंच. म्हणजे जगातला कुणीही आमच्या नावाने मेल टाकू शकत होता आणि समोरच्या सर्व्हरला तो अडवायचं कारणच नव्हतं. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगते, लोगो येवो न येवो, डीमार्क रिजेक्टपर्यंत न्याच. टॉवेलवाले, तुम्ही परदेशी माल पाठवता, तुम्हाला तर हे आधी हवं.

पूर्वभागकर
अनघाताईंना अनुमोदन. पूर्व भागातल्या आमच्या दोन शेजाऱ्यांना असेच मेल गेलेत. लूम बंद ठेवून माणूस पोलिसांत फेऱ्या मारतो, त्याचं दुःख बघवत नाही.

चिंचोळी_एमआयडीसी
पण एक लक्षात घ्या. डीमार्क अडवतं ते हुबेहूब तुमच्या डोमेनवरून आलेलं. कुणी एक अक्षर बदलून, मधे एक आडवी रेघ टाकून दुसरं डोमेन विकत घेतलं, तर तो त्याच्या डोमेनवर एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं नीट लावू शकतो आणि त्याचा मेल पासच होणार. त्यामुळे बँक खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन, हा नियम सुटता कामा नये.

याच कारणाने रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इन या राखीव डोमेनवर जायला लावलं. ते डोमेन बँकेशिवाय कुणाला मिळतच नाही.

नवीपेठकर
आणि मग निळी खूण कशासाठी? ती बघून विश्वास ठेवायचा ना?

चिंचोळी_एमआयडीसी
ठेवायचा, पण डोळे मिटून नाही. जीमेलने निळी खूण २०२३ च्या मे महिन्यात आणली. पुढच्याच महिन्यात एका जगप्रसिद्ध कुरिअर कंपनीच्या नावाचा खोटा मेल निळ्या खुणेसकट एकाच्या इनबॉक्समध्ये पोहोचला. तेव्हा बिमीसाठी एसपीएफ नुसतं पास झालं तरी चालत होतं, आणि एसपीएफमध्ये दुसऱ्याचा सर्व्हर घुसवायची वाट ठगाला सापडली. त्यानंतर गुगलने डीकिम सक्तीचं केलं. म्हणून मी म्हणतो, एसपीएफच्या भरवशावर राहू नका, प्रत्येक सेवेत डीकिम लावा.

वकील_सातरस्ता
ट्रेडमार्कचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

टॉवेल, चादरी, बेडशीट हे वर्ग २४ मध्ये येतं. शिवलेले कपडे असतील तर वर्ग २५. वेबसाइटवरच्या किरकोळ विक्रीसाठी वर्ग ३५ पण घ्यावा असं मी सुचवतो. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ९,००० रुपये; व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ४,५००. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं की ती सवलत मिळते. पुष्कळ जण ते न जोडता दुप्पट भरतात.

अर्ज केला की नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे. तपासणीत आक्षेप आला तर उत्तर द्यायचं, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, तिथून चार महिने कुणालाही विरोध करायची मुभा. विरोध आला नाही तरी सगळ्याला बरेच महिने जातात. मिळालेली नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण.

आता तुमच्या कामाचं. निळ्या खुणेसाठी जे प्रमाणपत्र लागतं, व्हीएमसी, त्याला नोंदणी झालेला ट्रेडमार्कच लागतो. अर्जाची पावती चालत नाही. भारताची नोंदणी ग्राह्य धरतात, त्यामुळे परदेशात वेगळी नोंदणी करायची गरज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : तुम्ही अर्ज नुसत्या शब्दाचा केलाय की चित्रासकट लोगोचा? शब्दच नोंदवला असेल तर तुमचा धोटा त्या प्रमाणपत्रात येणार नाही. नोंदवलेलं चित्र आणि मेलमध्ये दाखवायचं चित्र एकच लागतं. अर्ज काढून बघा.

रेशमा_अ
वकीलसाहेब, एक शंका. सोलापुरी चादरीला आणि सोलापूर टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. त्याचा आधार घेऊन प्रमाणपत्र नाही का मिळणार? तो तर सरकारनेच दिलेला आहे.

वकील_सातरस्ता
नाही मिळणार. जीआय हा त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा सामाईक हक्क आहे, एका कंपनीची ओळख नाही. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून चादरीवर जीआयची खूण लावू शकता, आणि जरूर लावा, कारण सोलापुरी म्हणून बाहेरचा माल विकणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. पण इनबॉक्समधला लोगो कंपनीचा असतो, त्याला कंपनीचाच ट्रेडमार्क.

पूर्वभागकर
सुळसुळाटाचं बोललात ते फार बरं झालं. पॉवरलूमवर इथे बसून जॅकार्डची चादर काढायची आणि बाजारात बाहेरची पातळ चादर ‘सोलापुरी’ म्हणून निम्म्या भावात. या विषयावर खरं तर वेगळा धागा हवा. कुणीतरी काढा, मी दहा उदाहरणं फोटोसकट देतो.

टपालवाला
काढाच पूर्वभागकर, मी पण येतो तिथे.

इथे परत लोगोकडे. ट्रेडमार्क नसलेल्यांसाठी दुसरं एक प्रमाणपत्र आहे, सीएमसी. जीमेलने ते २०२४ च्या सप्टेंबरपासून स्वीकारायला सुरुवात केली. त्याला ट्रेडमार्क लागत नाही, पण तोच लोगो त्याच डोमेनवर किमान १२ महिने जाहीरपणे वापरात असल्याचा पुरावा लागतो. वेबसाइटच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या वेब आर्काइव्हवरून तो बघतात. सीएमसीने जीमेलमध्ये लोगो दिसतो, निळी खूण मात्र येत नाही. ॲपलच्या मेलला व्हीएमसीच लागतं.

खर्चाचं विचारलंत. व्हीएमसी वर्षाला साधारण हजार डॉलर ते दीड हजार डॉलर, विकणाऱ्यानुसार. सीएमसी थोडं स्वस्त. दरवर्षी परत. त्यात कंपनीची कागदपत्रं तपासतात आणि अर्जदाराची ओळख समोरासमोर किंवा व्हिडिओवर पटवून घेतात, म्हणजे बसल्या जागी दोन दिवसांत होणारं काम नाही. याहू मेल प्रमाणपत्राशिवायही लोगो दाखवतं, पण घाऊक मेल पाठवणाऱ्या आणि चांगली पत असलेल्या डोमेनचाच.

आणि आउटलुक बिमी दाखवत नाही. टॉवेलवाले, तुमची मोठी हॉटेलं आउटलुकवर असतील तर हजार डॉलर घालून त्यांना तुमचा लोगो दिसणार नाही, तेच पहिलं अक्षर दिसेल. म्हणून आधी गिऱ्हाइकांचे पत्ते चाळा. पत्त्याच्या शेवटी काय आहे त्यावरून कळणार नाही, डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर घ्यायचे ती नोंद) बघावं लागेल. कुठल्याही मोफत डीएनएस तपासणीच्या साइटवर डोमेन टाकलं की मेल गुगलकडे आहे की मायक्रोसॉफ्टकडे ते दिसतं.

कडक_भाकरी
हे आउटलुकचं कळल्यावर माझं मत अजून पक्कं झालं. डीमार्क करा, अनघाताईंचं पटलं. प्रमाणपत्राचे पैसे मात्र थांबवा.

गणवेश_गारमेंट
डीमार्क करताना घाई मात्र करू नका, कळकळीने सांगतो. आमच्या ओळखीच्या एका गणवेशवाल्यांना कुणा सल्लागाराने एका दिवसात थेट रिजेक्टवर नेलं. मे महिना, ऐन सीझन, शाळांच्या ऑर्डरी सुरू. वेबसाइटवरून शाळांना जाणारे कन्फर्मेशनचे मेल सगळे परत, कारण तो सर्व्हर एसपीएफच्या यादीत नव्हता आणि त्यावर डीकिमही नव्हतं. शाळांना वाटलं ऑर्डर पोहोचलीच नाही, काहींनी दुसरीकडे दिली. त्या माणसांचं वर्षाचं गणित त्या दोन महिन्यांवर असतं हो.

टपालवाला
अगदी. म्हणून ‘नन’वर काही आठवडे बसायचं, आणि अहवाल वाचायचे. डीमार्कच्या रेकॉर्डमध्ये ‘आरयूए’ म्हणून एक पत्ता देता येतो. तिथे गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट वगैरे साधारण रोज एक झिप फाइल पाठवतात.

ती उघडली की एक्सएमएल. पहिल्यांदा बघून माणूस बावरतो, पण वाचायच्या गोष्टी चारच : आयपी पत्ता, त्यावरून किती मेल गेले, एसपीएफचा निकाल, डीकिमचा निकाल. दुसऱ्या एका टॉवेल कारखान्याच्या अहवालातलं सांगतो. एका नोंदीत गुगलचा आयपी, दोन्ही पास. दुसऱ्या नोंदीत एक अनोळखी आयपी, डीमार्कच्या हिशोबात दोन्ही नापास. शोधल्यावर निघालं बिलिंग सॉफ्टवेअर. एसपीएफ तर पास दिसत होतं, पण सॉफ्टवेअर कंपनीच्या डोमेनसाठी, यांच्या डोमेनसाठी नव्हे, म्हणून डीमार्कच्या लेखी नापास. म्हणजे इतके दिवस गिऱ्हाइकाची बिलं विनाओळखीची जात होती. त्यांच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या डोमेनचं डीकिम लावायची सोय होती, लावलं, चार दिवसांत अहवाल स्वच्छ. तिसरी नोंद भलत्याच देशातली, ती खरी भामट्यांची.

दोन खाचखळगे अजून. एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच असतं. नव्या सेवेने सांगितलं म्हणून दुसरं टाकलं की दोन्ही निकामी. आणि एसपीएफ तपासताना डीएनएसच्या दहापेक्षा जास्त चौकश्या चालत नाहीत. चार-पाच सेवा जोडल्या की ती मर्यादा कधी ओलांडली जाते कळतही नाही.

टॉवेलवाला
अहो टपालवाले, ते बिलिंगचं आमच्याकडेही तसंच असणार. अहवाल सुरू केलेत. वकीलसाहेब, अर्ज काढून बघितला, चित्रासकट आहे आणि रंगाचा दावा केलेला नाही.

वकील_सातरस्ता
उत्तम. मग रंगाच्या बाबतीत मोकळीक राहील.

चित्रकार_होटगीरोड
लोगोच्या फाइलबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच अडतं. फाइल एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांनी काढलेल्या चित्राची) लागते, पण साधी नाही, ‘टायनी पीएस’ नावाची काटेकोर जात. आत स्क्रिप्ट नको, ॲनिमेशन नको, बाहेरची लिंक नको, आणि फोटो चिकटवलेला तर अजिबात नको.

आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांचे लोगो कोरल ड्रॉमध्ये असतात. कोरलमधून एसव्हीजी काढली की नाव एसव्हीजी असतं, पण कितीदा तरी आत जेपीजीच बसलेला असतो, कारण मूळ लोगोच कुणीतरी व्हिजिटिंग कार्डावरून स्कॅन केलेला. ओळखायची सोपी रीत : फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘इमेज’ असा टॅग आणि त्यापुढे अक्षरांचा न संपणारा गोळा दिसला तर आत फोटो आहे. लोगो नव्याने रेषांनी काढावा लागेल.

पहिल्या टॅगमध्ये आवृत्ती १.२ आणि बेसप्रोफाइल ‘टायनी-पीएस’ लिहिलेलं हवं. त्याच टॅगमध्ये एक्स आणि वाय असतील तर काढून टाका. आत ‘टायटल’चा टॅग हवा, त्यात कंपनीचं नाव. आकार चौरस, फाइल ३२ केबीच्या आत, आणि पार्श्वभूमी एका रंगाची भरलेली. पारदर्शक ठेवली तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळा लोगो होतो.

टॉवेलवाले, तुमच्या साइटवरचा लोगो बघितला. धोटा सुंदर आहे. पण त्याच्या टोकाला जो सुताचा बारीक धागा निघतो तो मोबाइलच्या गोलात दिसणार नाही, आणि उजवीकडचं टोक गोलात कापलं जाईल. धोटा थोडा लहान करून मध्यात घ्यावा लागेल. पण वकीलसाहेब, तसं केलं तर नोंदवलेल्या चित्रापासून फारकत होते का?

वकील_सातरस्ता
प्रमाण न बदलता अख्खं चित्र लहान करून भोवती मोकळी जागा ठेवलीत तर अडचण यायचं कारण नाही. धागाच काढून टाकलात तर ते वेगळं चित्र झालं. अर्ज अजून प्रलंबित आहे, पण त्यात चित्राला मोठा बदल करता येत नाही, नवा अर्ज करावा लागतो.

रेशमा_अ
मग धागा राहू द्या. धाग्याशिवाय धोटा कसला!

टॉवेलवाला
धागा राहणारच. वडिलांनी काढलेला आहे.

आतापर्यंतची हकीकत. गुगलच्या ॲडमिनमधलं ते बटण खरंच दाबलेलं नव्हतं, आता दाबलं. बिलिंगवाल्यांनी डीकिम लावून दिलं. न्यूजलेटरवाल्यांकडे सोय होती, आम्हाला कुणी सांगितली नव्हती. अहवालात आता आमचे सगळे पास आहेत. कालपासून क्वारंटाइनवर गेलो. आणि कडक_भाकरी, तुम्हाला सांगायला आनंद होतो, जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्याकडे बिलं स्पॅममध्ये जायची त्यातल्या दोघांनी आपणहून कळवलं की आता इनबॉक्समध्ये येतात.

हॉटेलांचे पत्ते चाळले. मोठ्या साखळ्या बहुतेक मायक्रोसॉफ्टवर, छोटी हॉटेलं, लॉज आणि वेबसाइटची किरकोळ गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी जीमेलवर. आता प्रश्न असा, की ट्रेडमार्क येईपर्यंत सीएमसी घ्यावं, की थांबून एकदम व्हीएमसी? लोगो साइटवर पाच-सहा वर्षांपासून तोच आहे.

कडक_भाकरी
बिलं पोहोचायला लागली हे खरं काम झालं. अभिनंदन.

टपालवाला
माझा सल्ला, यंदा काहीच घेऊ नका. रिजेक्टवर जा, सगळ्या खात्यांना फोटो लावा, आणि एसव्हीजी तयार करून बिमीचं रेकॉर्ड प्रमाणपत्राशिवायच टाकून ठेवा. त्याला खर्च नाही. किरकोळ विक्री वाढून जीमेलवर नियमित मोठ्या संख्येने मेल जायला लागले की व्हीएमसीचा विचार करा, तोपर्यंत ट्रेडमार्कही आलेला असेल.

अनघा_जुळेसोलापूर
माझं थोडं वेगळं मत. किरकोळ गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, पैसे आधी भरतं आणि मेलची वाट बघतं. त्याला ऑर्डरच्या मेलवर लोगो दिसला तर धीर येतो. दिवाळीआधी सीएमसी परवडत असेल तर एक वर्ष घेऊन बघा. पण टपालवाले म्हणतात तसं रिजेक्ट आधी.

टॉवेलवाला
दोघांचं ऐकतो. आधी रिजेक्ट. सीएमसीचं दर मागवून घरात बसून ठरवतो.

शेंगाचटणी
उशिरा आले. आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे, ऑर्डरी जीमेल डॉट कॉमच्या साध्या पत्त्यावर घेतो. आम्हाला यातलं काही करता येईल का?

टपालवाला
ताई, जीमेल डॉट कॉम हे डोमेन गुगलचं, तिथे तुम्हाला बिमी लावता येणार नाही. खात्याला लोगोचा फोटो लावा, जीमेलवाल्या गिऱ्हाइकांना दिसेल. पण त्या पत्त्यावरून कुठल्याही न्यूजलेटर सेवेतून घाऊक मेल पाठवू नका, ते डीमार्कमध्ये नापास होऊन स्पॅममध्ये जातील. व्यवसाय वाढवायचा असेल तर चटणीच्या नावाचं डोमेन आत्ताच घेऊन ठेवा, दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत. त्यावर मेल सुरू केलात की मला व्यनि करा, पहिल्या दिवसापासून तिन्ही रेकॉर्डं नीट टाकून देतो.